पाच जणांचे शासन : लिश्टेनस्टाइनच्या सामुदायिक शासनमंडळाची घडण

राज्याची कार्यकारी सत्ता एकाच व्यक्तीच्या हाती न ठेवता ती मोजक्या व्यक्तींच्या मंडळाकडे सोपवायची, त्या मंडळाने एकत्र बसून बहुमताने निर्णय घ्यायचे आणि घेतलेला निर्णय, विरोधात मत देणाऱ्या सदस्यासह, सर्वांचाच मानायचा, या पद्धतीला सामुदायिक शासनपद्धती म्हणता येईल. तिचे सर्वांत परिचित उदाहरण स्वित्झर्लंडचे आहे. १८४८ पासून तेथील संघराज्याचा कारभार सात जणांचे एक मंडळ पाहते आणि त्याचे अध्यक्षपद दर वर्षी एका सदस्याकडून दुसऱ्याकडे जाते. प्रजासत्ताकात अशी रचना असावी यात नवल नाही. परंतु त्याच स्वित्झर्लंडला लागून, ऱ्हाइन नदीच्या उजव्या तीरावर, १६० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा आणि सुमारे ४०,००० वस्तीचा लिश्टेनस्टाइन नावाचा देश आहे, जेथे वंशपरंपरेने गादीवर येणारा अधिपती आजही विधिमंडळाने संमत केलेल्या कायद्याला मान्यता नाकारू शकतो. आणि तरीही त्या देशाच्या राज्यघटनेने आपल्या शासनाला दिलेले नाव ‘कोलेगिआलरेगीरुंग’, म्हणजेच सामुदायिक शासन, असे आहे. राजसत्ता आणि सामुदायिक शासन या दोन गोष्टी एकाच घटनेत कशा नांदतात, हा प्रश्न राज्यव्यवस्थांचा विचार करणाऱ्या प्रत्येकासाठी महत्त्वाचा आहे.

येथे ‘संस्थान’ या शब्दाविषयी थोडा खुलासा आवश्यक आहे. मराठी वाचकाला संस्थान म्हटले की कोल्हापूर, सांगली, औंध अशी ब्रिटिश सत्तेच्या छत्राखालील राज्ये आठवतात. जर्मन भाषेत ज्याला ‘फ्युर्स्टेनटुम’ म्हणतात ते लिश्टेनस्टाइन हेही संस्थानच आहे, कारण त्याचा अधिपती ‘फ्युर्स्ट’ आहे, आणि हा किताब राजा या किताबापेक्षा खालच्या पायरीचा मानला जातो. परंतु हे संस्थान कोणाचेही मांडलिक नसून पूर्णपणे सार्वभौम आहे. १८०६ मध्ये पवित्र रोमन साम्राज्य लयाला गेले तेव्हा त्याला हे सार्वभौमत्व लाभले आणि पुढील दोन शतकांच्या उलथापालथीत ते टिकून राहिले.

या देशाचा जन्मच दूर राहणाऱ्या मालकाच्या गरजेतून झाला. व्हिएन्नाच्या दरबारात वजन असलेल्या लिश्टेनस्टाइन घराण्याकडे मोठाल्या जमिनी होत्या, परंतु साम्राज्याच्या सभेत आसन मिळवण्यासाठी थेट सम्राटाच्या अखत्यारीतील प्रदेश हाती असणे आवश्यक होते, आणि तसा प्रदेश त्यांच्याकडे नव्हता. म्हणून या घराण्याने १६९९ मध्ये शेलेनबेर्गची जहागीर आणि १७१२ मध्ये फाडुट्सची सरदारी विकत घेतली. १७१९ मध्ये सम्राट सहावा कार्ल याने दोन्ही एकत्र करून त्यांना संस्थानाचा दर्जा दिला आणि घराण्याचेच नाव प्रदेशाला मिळाले. ज्या प्रदेशामुळे घराण्याला हे आसन लाभले त्या प्रदेशात राज्य करणारा अधिपती प्रथम आला तो १८४२ मध्ये, म्हणजे खरेदीपत्रानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी. मधल्या काळात आणि त्यानंतरही बराच काळ कारभार चालला तो व्हिएन्नातील दरबारी कचेरीच्या आज्ञांवर आणि तेथून पाठवलेल्या अधिकाऱ्याच्या हातून. १८६२ च्या राज्यघटनेने प्रतिनिधींची सभा, म्हणजे ‘लांडटाग’, निर्माण केली, पण शासनाच्या शिखरावर बसलेला ‘लांडेसफेर्वेझर’ हा मुख्य प्रशासक अधिपतीचाच माणूस राहिला. तो बहुधा ऑस्ट्रियाचा असे, त्याची नेमणूक आणि बडतर्फी दोन्ही अधिपतीच्या मर्जीवर असत आणि सभेपुढे उत्तर देण्याचे बंधन त्याच्यावर नव्हते.

ही व्यवस्था कोसळली ती पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस. ऑस्ट्रियाशी १८५२ पासून जकात संघाने बांधलेला आणि ऑस्ट्रियाचेच चलन वापरणारा हा देश युद्धात तटस्थ होता, तरी साम्राज्याची उपासमार आणि चलनाची घसरण त्याच्याही वाट्याला आली. १९१८ मध्ये देशात प्रथमच राजकीय पक्ष स्थापन झाले. विल्हेल्म बेक या वकिलाच्या पुढाकाराने उभा राहिलेला ख्रिस्ती-सामाजिक लोकपक्ष शासनावर देशातील लोकांचाच अधिकार असावा अशी मागणी करू लागला, तर प्रगतिशील नागरिक पक्ष अधिक सावध आणि राजनिष्ठ होता. त्याच वर्षीच्या ७ नोव्हेंबर रोजी लांडटागमध्ये मुख्य प्रशासक लेओपोल्ड फॉन इमहोफ यांना पदावरून दूर व्हावे लागले आणि मार्टिन रिटर यांच्या नेतृत्वाखालील तात्पुरत्या कार्यकारी समितीने सूत्रे हाती घेतली. ही समिती काही आठवडेच टिकली, आणि ती ज्या रीतीने आली ती रीत घटनेच्या चौकटीत बसत नव्हती; परंतु परक्या अधिकाऱ्याच्या जागी स्थानिकांची समिती बसू शकते, हे देशाने एकदा पाहिले आणि ते पुन्हा विसरले गेले नाही. त्यानंतर अधिपतीच्या घराण्यातील प्रिन्स कार्ल यांनी काही काळ कारभार पाहिला, १९२० च्या सप्टेंबरमध्ये अधिपती आणि लोकपक्ष यांच्यात फाडुट्सच्या किल्ल्यावर वाटाघाटी झाल्या, आणि त्यांतून निघालेल्या समझोत्याच्या पायावर ५ ऑक्टोबर १९२१ ची राज्यघटना उभी राहिली. तीच, अनेक दुरुस्त्यांसह, आजही लागू आहे.

या घटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदात राज्याची सत्ता अधिपती आणि जनता या दोघांच्या ठायी आहे असे म्हटले आहे. इतर बहुतेक घटना सार्वभौमत्वाचे एकच उगमस्थान सांगतात. येथे दोन आहेत, आणि शासनमंडळ या दोहोंच्या मध्ये उभे आहे. अनुच्छेद ७८ नुसार देशाचा सर्व कारभार सामुदायिक शासनाकडे आहे आणि ते अधिपती व लांडटाग या दोघांनाही जबाबदार आहे. सदस्यांची शिफारस लांडटाग करते आणि नेमणूक अधिपती करतो, म्हणजे एकाच्या पसंतीशिवाय नाव पुढे येत नाही आणि दुसऱ्याच्या सहीशिवाय ते पदावर बसत नाही. बेक यांनी तयार केलेल्या मसुद्यावर स्विस कँटनांच्या घटनांचा ठसा होता. कँटन म्हणजे स्विस संघराज्याचे घटक राज्य. शेजारच्या ग्राउब्युंडेन कँटनचा कारभार आजही पाच जणांचे मंडळ पाहते. लिश्टेनस्टाइनमध्ये शासनप्रमुखाव्यतिरिक्त इतर सदस्यांना ‘रेगीरुंग्सराट’, म्हणजे शासन-सल्लागार, ही उपाधी मिळाली, तीही याच परिसरातील परंपरेला धरून. १९२३ मध्ये स्वित्झर्लंडशी जकात करार झाला, स्विस फ्रँक चलनात आले आणि देशाचे तोंड पूर्वेकडून पश्चिमेकडे वळले. शासनाच्या रचनेत मात्र हे वळण त्याआधीच आले होते.

आता या मंडळाच्या अंतर्गत नियमांकडे वळावे, कारण या रचनेचे खरे मर्म तेथे आहे. मंडळात एक शासनप्रमुख आणि चार सल्लागार, असे पाच सदस्य असतात. सुरुवातीला ही संख्या याहून लहान होती आणि १९६० च्या दशकात ती पाचवर आली. चार सल्लागारांपैकी एकाची उपप्रमुख म्हणून नेमणूक होते. मुदत चार वर्षांची असते. मंडळाचा निर्णय वैध ठरण्यासाठी किमान चार सदस्यांची उपस्थिती आणि उपस्थितांचे बहुमत आवश्यक असते. मते समसमान पडली तर बैठकीच्या अध्यक्षाचे मत निर्णायक ठरते. याच अनुच्छेदात, म्हणजे ८१ व्या अनुच्छेदात, एक अगदी छोटे वाक्य आहे, ज्याचा आशय असा की मत देणे सक्तीचे आहे. या एका वाक्याचे मोल मोठे आहे. पाचही जण हजर असतील आणि कोणालाही तटस्थ राहण्याची मुभा नसेल, तर समसमान मतांचा प्रसंगच उद्भवू शकत नाही, त्यामुळे शासनप्रमुखाच्या निर्णायक मताला अशा वेळी वावच उरत नाही. याहून महत्त्वाचा परिणाम जबाबदारीच्या बाबतीत होतो. अडचणीच्या विषयावर मौन राखून पुढे परिणाम वाईट निघाल्यास ‘या निर्णयात आपण नव्हतो’ असे म्हणण्याची वाट कोणत्याही सदस्याला मोकळी राहत नाही. सामुदायिक जबाबदारीचे तत्त्व अनेक देशांच्या घटनांमध्ये भारदस्त शब्दांत मांडलेले आढळते. येथे मात्र एका कोरड्या नियमाने ते प्रत्यक्षात आणले आहे.

दुसरा विशेष पर्यायी सदस्यांचा. प्रत्येक सदस्यासाठी एक पर्यायी सदस्य, मूळ सदस्याच्याच पद्धतीने, म्हणजे लांडटागची शिफारस आणि अधिपतीची नेमणूक अशा मार्गाने नियुक्त केला जातो, आणि मूळ सदस्य हजर राहू शकत नसेल तेव्हा तो त्याच्या जागी बसतो. मोठ्या देशात मंत्री आजारी पडला तर त्याचे खाते दुसरा मंत्री पाहतो आणि मंत्रिमंडळाच्या बैठकीत एक खुर्ची रिकामी राहिल्याने विशेष काही बिघडत नाही. पाच जणांच्या मंडळात मात्र एक गैरहजेरी म्हणजे एक-पंचमांश मतशक्तीची उणीव असते आणि दोन गैरहजेऱ्यांनी सगळा कारभारच अडतो. त्यात हा देश इतका लहान आहे की नात्यागोत्यामुळे किंवा व्यवसायाच्या हितसंबंधामुळे एखाद्या सदस्याला एखाद्या प्रकरणापासून दूर राहावे लागणे ही रोजच्या व्यवहारातली शक्यता आहे. पर्यायी सदस्यांच्या सोयीमुळे मंडळाचा समतोल अशा वेळीही ढळत नाही.

तिसरा नियम प्रादेशिक आहे आणि त्याची मुळे १६९९ आणि १७१२ च्या त्या दोन खरेदीपत्रांपर्यंत जातात. देशाच्या ११ ग्रामपालिका दोन विभागांत मोडतात : दक्षिणेकडचा ‘ओबरलांड’, म्हणजे वरचा प्रदेश, ही जुनी फाडुट्सची सरदारी, आणि उत्तरेकडचा ‘उंटरलांड’, म्हणजे खालचा प्रदेश, ही जुनी शेलेनबेर्गची जहागीर. शासनमंडळात या प्रत्येक विभागाचे किमान दोन सदस्य असले पाहिजेत आणि पर्यायी सदस्यही त्याच विभागातील असले पाहिजेत, असे घटना सांगते. लांडटागच्या २५ जागांपैकी १५ ओबरलांडला आणि १० उंटरलांडला आहेत. ज्या देशाचे एक टोक दुसऱ्यापासून मोटारीने अर्ध्या तासाच्या आत गाठता येते, तेथे अशा विभागणीची गरज काय, असे बाहेरच्या निरीक्षकाला वाटू शकते. परंतु दोन्ही भागांचा स्वतंत्र इतिहास लोकांच्या स्मरणात आहे, आणि संख्येने लहान असलेल्या उंटरलांडला आपल्यावर फाडुट्सचे राज्य चालते असे वाटू नये, याची काळजी घटनाकारांनी आकड्यांत बांधून घेतली. दोन आणि दोन जागा विभागांना देऊन पाचवी जागा मोकळी ठेवणारे हे गणित साधे आणि समंजस आहे.

मंडळाच्या कामाची रीतही समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक सदस्याकडे काही खाती असतात आणि लहान देश असल्यामुळे एका व्यक्तीकडे अनेक खाती येतात; आपल्या खात्यातील विषयांची तयारी तो सदस्य करतो आणि किरकोळ बाबी कायद्याने दिलेल्या मर्यादेत स्वतःच निकालात काढतो. परंतु महत्त्वाचे सर्व विषय, घटनेच्या ९० व्या अनुच्छेदानुसार, मंडळाच्या चर्चेसाठी आणि निर्णयासाठी यावे लागतात. एखादी बाब खात्याची आहे की मंडळाची, ही सीमारेषा सामुदायिक शासनात नेहमीच नाजूक असते, कारण खात्यांचा व्याप वाढला की प्रत्येक सदस्य आपल्या खात्याचा धनी होऊ पाहतो आणि इतरांच्या खात्यांत न डोकावण्याचा अलिखित करार होऊन मंडळाचे रूपांतर पाच स्वतंत्र कचेऱ्यांच्या समुच्चयात होण्याचा धोका असतो. बैठका गुप्त असतात. आत मतभेद कितीही तीव्र असले तरी बाहेर निर्णय शासनाच्या नावाने जातो आणि हरलेल्या बाजूच्या सदस्यालाही त्याची पाठराखण करावी लागते.

शासनप्रमुखाचे स्थान येथे स्विस अध्यक्षापेक्षा निश्चितच वरचे आहे. त्याचे पद दर वर्षी फिरत नाही, तो बैठकांचे अध्यक्षस्थान भूषवतो, आणि अधिपतीने संमती दिलेल्या कायद्यावर त्याची किंवा उपप्रमुखाची प्रतिस्वाक्षरी असल्याखेरीज तो कायदा अमलात येत नाही. प्रतिस्वाक्षरी म्हणजे अधिपतीच्या कृतीची राजकीय जबाबदारी आपण घेत आहोत याची लेखी ग्वाही. मंडळाचा एखादा निर्णय कायद्याच्या विरुद्ध आहे असे त्याला वाटले तर तो त्याची अंमलबजावणी थांबवू शकतो. पण येथेही घटनेने त्याला अखेरचा शब्द दिलेला नाही : निर्णय थांबवताच त्याने विनाविलंब प्रशासकीय न्यायालयाला कळवले पाहिजे. सहकाऱ्यांच्या बहुमतावर मात करण्याचा अधिकार त्याला नाही, शंका न्यायालयापुढे नेण्याचा आहे. भारतीय वाचकाच्या परिचयाच्या पद्धतीशी येथे मोठा फरक पडतो. भारतात मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते हे खरे, परंतु मंत्र्यांची निवड, खातेवाटप आणि मंत्र्याला वगळणे हे सर्व प्रत्यक्षात पंतप्रधानाच्या हाती असते, आणि त्यामुळे बैठकीतील मतभेदाला पंतप्रधानाच्या मर्जीची मर्यादा पडते. लिश्टेनस्टाइनचा शासनप्रमुख सहकाऱ्याला काढू शकत नाही. म्हणूनच सहकारी त्याच्या विरोधात निर्धास्तपणे मत देऊ शकतो.

अशा मंडळाची पहिली मोठी परीक्षा फार लवकर आली. १९२२ पासून शासनप्रमुख असलेल्या गुस्टाव्ह शेडलर यांच्या काळात देशाच्या बचत बँकेतील गैरव्यवहार १९२८ मध्ये उघडकीस आला, लहानशा तिजोरीवर मोठे ओझे पडले आणि अधिपती दुसरा योहान याच्या दबावाखाली शासनाला पायउतार व्हावे लागले. शासनाला दोन धनी आहेत आणि त्यांतला एक नाराज झाला तर ते टिकत नाही, हे त्या वर्षी स्पष्ट झाले. प्रगतिशील नागरिक पक्षाचे योझेफ होप शासनप्रमुख झाले आणि १९४५ पर्यंत त्या पदावर राहिले.

१९३८ च्या मार्चमध्ये नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला आणि लिश्टेनस्टाइनच्या पूर्व सीमेवर एका रात्रीत हिटलरचे राज्य उभे राहिले, तेव्हा सामुदायिक शासनाच्या कल्पनेला तिचा पूर्ण अर्थ प्राप्त झाला. लोकपक्षाचा वारसा सांगणारा पितृभूमी संघ हा पक्ष १९३६ मध्येच स्थापन झाला होता आणि नागरिक पक्षाशी त्याचे कडवे वैर होते. देशात नाझींचे समर्थक होते, त्यांना सीमेपलीकडून बळ मिळत होते, आणि दोन पक्षांच्या भांडणात बाहेरच्या हस्तक्षेपाला निमित्त सापडण्याची भीती होती. अशा वेळी दोन्ही पक्षांनी एकत्र येऊन शासन चालवण्याचे ठरवले. १९३९ मध्ये प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची निवडणूक पद्धत स्वीकारण्यात आली, आणि त्याच वर्षीची निवडणूक प्रत्यक्ष मतदान न घेता, पक्षांनी परस्पर संमतीने ठरवलेल्या जागांनुसार पार पडली. देशाच्या इतिहासात ती ‘मूक निवडणूक’ म्हणून ओळखली जाते. लोकशाहीच्या शुद्ध मापाने पाहिले तर मतदाराला बाजूला ठेवणारी ही गोष्ट खटकते, आणि खटकायलाच हवी. पण त्याच वर्षीच्या मार्चमध्ये स्थानिक नाझींनी केलेला उठावाचा प्रयत्न फसला, आणि तो फसण्यामागे शासनात दोन्ही पक्ष एकत्र बसले होते या गोष्टीचा वाटा होता, हेही मान्य करावे लागते. अधिपती दुसरा फ्रान्झ योझेफ यानेही १९३८ मध्येच आपला निवास कायमचा फाडुट्सला हलवला. राज्यकर्ता प्रथमच प्रजेमध्ये राहू लागला.

संकटाच्या वेळी झालेली ही युती संकट टळल्यावरही मोडली नाही. १९३८ ते १९९७ अशी जवळपास साठ वर्षे नागरिक पक्ष आणि पितृभूमी संघ यांनी शासन मिळून चालवले. निवडणुकीत ज्याला बहुमत मिळेल त्याच्याकडे शासनप्रमुखपद आणि पाचपैकी तीन जागा, दुसऱ्याकडे उपप्रमुखपद आणि दोन जागा, अशी प्रथा रूढ झाली. १९७० मध्ये पितृभूमी संघाचे आल्फ्रेड हिल्बे, १९७४ मध्ये नागरिक पक्षाचे वाल्टर कीबर आणि १९७८ मध्ये पुन्हा पितृभूमी संघाचे हान्स ब्रुनहार्ट शासनप्रमुख झाले, पण तिन्ही वेळा हरलेला पक्ष शासनातच राहिला. या दीर्घ सहवासाने औद्योगिक आणि आर्थिक वाढीच्या काळात देशाला स्थैर्य दिले. त्याची किंमतही होती. लांडटागमध्ये विरोधी पक्ष जवळजवळ नव्हताच, आणि शासनाच्या बैठकीत जे ठरले त्याला जाब विचारणारा आवाज सभागृहात क्षीण राहिला. समाजाच्या अर्ध्या भागाचा आवाज तर मुळीच नव्हता : स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकांत मताधिकार मिळाला तो १९८४ मध्ये, आधी १९७१ आणि १९७३ मध्ये पुरुष मतदारांनी तो नाकारल्यानंतर. पाच पुरुषांच्या एकमताला सर्वसंमती म्हणण्याची ती सवय किती अपुरी होती, हे नंतरच्या बदलांवरून दिसते. १९९३ मध्ये कोर्नेलिया गासनर या शासनात आलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या, आणि २०२१ मध्ये पाचपैकी तीन सदस्य स्त्रिया होत्या.

१९९७ मध्ये नागरिक पक्ष युतीतून बाहेर पडला आणि पितृभूमी संघाने एकट्याने शासन चालवले. २००१ मध्ये उलट झाले, नागरिक पक्षाचे ओटमार हासलर यांचे एकपक्षीय शासन आले. २००५ मध्ये कोणालाच स्वतंत्र बहुमत न मिळाल्याने युती परतली आणि ती पुढे चालू राहिली. या आठ वर्षांचा अनुभव सामुदायिक शासनाच्या अभ्यासकाला बरेच शिकवतो. नियम तेच होते, उपस्थितीची अट तीच, मतसक्ती तीच. परंतु पाचही जण एकाच पक्षाचे असतील तर मतभेद बैठकीपूर्वीच पक्षाच्या कार्यालयात मिटतात आणि बैठकीतील मतदान उपचार ठरते. घटना सामुदायिकतेचा साचा देते, त्यात भिन्न मते ओतण्याचे काम मात्र मतदाराला आणि पक्षांनाच करावे लागते.

अधिपती आणि शासनमंडळ यांच्यातील ताणाचा प्रश्न १९९२ मध्ये सर्वांत तीव्रतेने पुढे आला. युरोपीय आर्थिक क्षेत्रात सामील होण्याविषयीचे सार्वमत स्वित्झर्लंडच्या सार्वमताआधी घ्यावे, असा अधिपती दुसरा हान्स-आडाम याचा आग्रह होता, तर शासन आणि लांडटाग यांना ते नंतर हवे होते. अधिपतीने शासनाला बडतर्फ करण्याची आणि सभा विसर्जित करण्याची भाषा केली, तेव्हा २८ ऑक्टोबर रोजी फाडुट्समधील शासनभवनासमोर लोक निदर्शनांसाठी जमले. या देशात असे दृश्य विरळाच. त्याच दिवशी तडजोड झाली, स्विस मतदारांनी डिसेंबरच्या प्रारंभी प्रस्ताव फेटाळला, आठवडाभराने लिश्टेनस्टाइनच्या मतदारांनी तो स्वीकारला, आणि तारखेचा वाद संपला. अधिकाराचा वाद मात्र पुढे दहा वर्षे चालला आणि १६ मार्च २००३ च्या सार्वमतात त्याचा निकाल लागला : अधिपतीने मांडलेल्या घटनादुरुस्तीला ६४ टक्क्यांहून अधिक मतदारांनी मान्यता दिली. युरोप परिषदेच्या व्हेनिस आयोगाने या प्रस्तावावर आधीच कठोर टीका केली होती.

या दुरुस्तीने बदललेला ८० वा अनुच्छेद शासनमंडळाच्या दृष्टीने कळीचा आहे. त्यानुसार अधिपती किंवा लांडटाग यांपैकी कोणा एकाचाही विश्वास गमावला तर संपूर्ण शासनाचा अधिकार संपुष्टात येतो आणि अधिपती तात्पुरते शासन नेमतो, ज्याला चार महिन्यांच्या आत लांडटागच्या विश्वासदर्शक मताला सामोरे जावे लागते. एखाद्या एकट्या सदस्यावरचा विश्वास उडाला तर मात्र अधिपती आणि लांडटाग यांनी एकमताने निर्णय घ्यावा लागतो. याचा अर्थ असा की पाच जणांना काढण्यास एकाची इच्छा पुरते, पण एकाला काढण्यास दोघांची संमती लागते. वरवर विपरीत दिसणाऱ्या या तरतुदीत सामुदायिकतेचे रक्षण आहे, कारण नकोसा सदस्य एकेक करून वेगळा पाडण्याचा मार्ग तिने कोणाही एका धन्यासाठी बंद केला आहे. २०१९ मध्ये परराष्ट्र खात्याच्या मंत्र्यावरील विश्वास लांडटागने काढून घेतला तेव्हा अधिपतीच्या प्रतिनिधीच्या सहमतीनेच त्या पदमुक्त झाल्या. परंतु अनुच्छेदाचा पहिला भाग चिंता निर्माण करतो. लोकांनी निवडलेल्या सभेच्या विश्वासास पूर्ण पात्र असलेले शासन एका अनिर्वाचित व्यक्तीच्या अविश्वासाने जाऊ शकते, आणि हा अधिकार प्रत्यक्ष वापरला गेला नाही तरी त्याची जाणीव बैठकीत सहाव्या सदस्यासारखी हजर राहते. याच दुरुस्तीने १,५०० नागरिकांना अधिपतीविरुद्ध अविश्वासाचा प्रस्ताव मांडण्याचा हक्क दिला असला, तरी हे दोन अधिकार तुल्यबळ मानणे कठीण आहे. २०१२ मध्ये अधिपतीचा नकाराधिकार मर्यादित करण्याचा प्रस्ताव मतदारांसमोर आला आणि त्यांनी तो सुमारे तीन-चतुर्थांश मतांनी फेटाळला, ही वस्तुस्थितीही लक्षात घ्यावी लागते; आपल्या घटनेतील दोन उगमस्थाने या समाजाला हवी आहेत.

२०२४ मध्ये आणखी एक प्रश्न मतपेटीत आला : शासनाच्या सदस्यांची निवड लांडटागने न करता थेट मतदारांनी करावी काय. डेमोक्राटेन प्रो लिश्टेनस्टाइन या नव्या पक्षाने पुढे आणलेला हा प्रस्ताव मोठ्या बहुमताने नामंजूर झाला. थेट निवडून आलेला प्रत्येक सदस्य स्वतःच्या मतसंख्येचा दाखला घेऊन बैठकीला आला असता आणि लांडटागपुढे मंडळ म्हणून एकत्र उत्तर देण्याची सवय सैल झाली असती, ही शंका रास्त होती. मात्र ज्या असमाधानातून हा प्रस्ताव आला ते त्यामुळे नाहीसे झाले नाही. ९ फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत पितृभूमी संघाला १०, नागरिक पक्षाला ७, या नव्या पक्षाला ६ आणि फ्री लिस्ट या पक्षाला २ जागा मिळाल्या. जुन्या दोन पक्षांनी पुन्हा तीन आणि दोन अशी वाटणी करून शासन स्थापन केले आणि पितृभूमी संघाच्या ब्रिगिटे हास या देशाच्या पहिल्या स्त्री शासनप्रमुख झाल्या. १९३८ मध्ये जेव्हा ही युती सुरू झाली तेव्हा सभागृहात मोजण्यासारखे दोनच पक्ष होते आणि शासनाच्या मोजक्या खुर्च्यांत सारा देश सामावत असे. आज २५ पैकी ८ जागा शासनाच्या पाच खुर्च्यांच्या बाहेर आहेत.